वडील मूत्राशयातील बीसीजीची चौथी मात्रा नाकारत आहेत

प्रश्न (निपाणी)
माझ्या वडिलांनी तंबाखूच्या वखारीत ३० वर्षे काम केले आणि तितकीच वर्षे विडी ओढली. लघवीतून रक्त गेल्यावर बेळगावात दुर्बिणीद्वारे मूत्राशयातील गाठ काढली. ती स्नायूपर्यंत पोहोचलेली नव्हती, मात्र उच्च श्रेणीची, म्हणजे वेगाने वाढू शकणारी असल्यामुळे डॉक्टरांनी बीसीजी सुरू केले. तीन मात्रा झाल्या; प्रत्येक वेळी दोन दिवस जळजळ होते आणि अंग कसकसते. रुग्णालयाचे सूचनापत्र कन्नड व इंग्रजीत असल्याने त्यांना वाचता आले नाही. क्षयाची लस कर्करोगावर कशी चालेल, असे ते विचारतात, तर शिरेतून देतात ती नवी इम्युनोथेरपीच (शरीराची रोगप्रतिकारशक्ती कर्करोगावर वळवणारा उपचार) घ्यावी, असा नातेवाइकांचा आग्रह आहे.

उत्तर (बेळगाव, निवृत्त परिचारिका)
बीसीजी हीदेखील इम्युनोथेरपीच आहे, हे वडिलांना आधी सांगा. नळीवाटे सोडलेले क्षीण केलेले जिवंत जिवाणू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, त्यांच्यामागे रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि त्या कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडतात. जळजळ बहुधा त्याचीच खूण असते. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार प्रसिद्ध केला आणि अशा गाठींसाठी आजही प्रथम तोच दिला जातो. शिरेतून दिल्या जाणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली ती बीसीजीला दाद न देणाऱ्या, अस्तरापुरत्या पसरलेल्या कर्करोगासाठी, आणि तीही मूत्राशय काढणे शक्य नसलेल्या किंवा ते नको असलेल्या रुग्णांसाठी. त्या औषधाने थायरॉईड, फुप्फुसे वा आतड्यांना सूज येऊ शकते. म्हणून केवळ नवे आहे एवढ्यावरून ते आधी मागू नये.
मात्र लघवीत संसर्ग असेल किंवा डोळ्यांना दिसेल असे रक्त जात असेल, तर मात्रा पुढे ढकलतात. जोराचा ताप आला किंवा तो दोन दिवसांत उतरला नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. जिवाणू शरीरात पसरले असतील तर क्षयरोगाची औषधे द्यावी लागतात.

उत्तर (खानापूर)
मी स्वतः आठवड्याला एक अशा सहा मात्रा घेतल्या आणि त्यानंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन मात्रांचे टप्पे घेत आहे. औषध दोन तास आत ठेवावे लागते, म्हणून मी लगेच बस धरत नाही, शहरातच बहिणीकडे थांबतो. पुढचे सहा तास बसूनच लघवी करावी आणि दर वेळी शौचपात्रात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे. दादा, चौथ्या मात्रेनंतर मलाही त्रास वाढला होता. डॉक्टरांना सांगताच त्यांनी गोळ्या दिल्या, म्हणून वडिलांनी तो सोसत बसू नये. विडी मात्र आजच बंद करा.

प्रश्नकर्ता
वडिलांना सगळे वाचून दाखवले. उद्या लघवी तपासून घेतो. संसर्ग नसेल तर चौथी मात्रा घ्यायला ते तयार झाले आहेत.