फॉरमॅट झालेल्या डिस्कमधले फोटो
‘क्विक फॉरमॅट झालं म्हणजे लग्नाचे फोटो गेलेच’ असं कुणी म्हणत असेल तर ते मत घाईचं वाटतं. क्विक फॉरमॅटमध्ये फायलींची यादी पुसली जाते, डेटा तिथेच पडून असतो, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. फुल फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितं, तिथे आशा सोडा. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा आपोआप रिकामी करण्याच्या सोयीमुळे, बहुधा तेच.

तेव्हा डिस्क आधी बाहेर काढा. पुण्यात तापकीर गल्लीत साटा-यूएसबी केबल (सुटी डिस्क यूएसबीला जोडणारी) मिळेल, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. फुकट आहे. सापडलेलं त्याच डिस्कवर उतरवू नका (लोक नेमकं हेच करतात!). जुनी नावं मिळणार नाहीत, ‘एफ’पुढे लांबलचक आकडे दिसतील. डिस्क कटकट वाजत असेल तर यातलं काहीच नको, बंद करून जाणकाराकडे द्या.