टांझानियातल्या मिशनला ठाण्यातून पैसे कसे पाठवायचे?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती. नोव्हेंबरात आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आहे. जेवणावळ नको, असं आम्हा भावंडांचं ठरलंय. ते पैसे आमच्याच पॅरिशमधून (स्थानिक चर्चच्या धर्मग्रामातून) टांझानियात गेलेल्या फादरांच्या मिशनला द्यायचेत. तिथे एक चर्च आणि त्याला जोडलेली लांबलांबची गावं. पावसात रस्ता बंद झाला की फादर पोचत नाहीत, रविवारची प्रार्थना कॅटेकिस्टच, म्हणजे धर्मशिक्षण देणारा गावातला माणूसच चालवतो. त्याला मानधन जवळपास नाहीच, आणि सायकलची चेन दोरीने बांधलेली.

मिशन संडेच्या, म्हणजे जगभरच्या मिशनकार्यासाठी चर्चमध्ये वर्गणी गोळा होते त्या रविवारच्या, पाकिटात दर ऑक्टोबरला टाकतोच. ते सगळ्या जगाच्या सामाईक निधीत जातं, गाव निवडता येत नाही. तेही बरोबरच, नाहीतर ज्यांचा फादर ओळखीचा त्यांचीच चांदी! यंदा मात्र इथेच द्यायचंय.

बँकेतले साहेब 'एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागेल' म्हणून हात वर करतात. तो कायदा परदेशातून येणाऱ्या पैशांचा ना? शिवाय मावशीला ग्रेगोरियन मिस्सा हव्यात. त्या तिकडे सांगता येतील का?

प्रतिसाद १
एफसीआरएचा इथे संबंध नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवायची सवलत योजना) खाली व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात देणगीही बसते. पॅन आणि परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म लागतो. परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेत जा. फादरांच्या खासगी खात्यात नको, तिथल्या डायोसिसच्या (बिशपच्या धर्मप्रांताच्या) किंवा फादरांच्या धर्मसंघाच्या खात्यात टाका आणि कशासाठी ते लिहा. ८०जीची (देणगीवरची) आयकर सवलत मिळणार नाही. भावंडांनी वेगवेगळं पाठवू नका, दर वेळी बँकेचे चार्जेस कापले जातात.

प्रतिसाद २
ग्रेगोरियन म्हणजे एकाच मृतासाठी सलग तीस दिवस मिस्सा. एकट्या पॅरिश प्रीस्टला (पॅरिशच्या मुख्य फादरला) जमणं कठीण, कारण रविवारची एक मिस्सा त्याला पॅरिशच्या लोकांसाठीच अर्पण करावी लागते. त्यापेक्षा सुट्या मिस्सा सांगा. फादरने दिवसाला कितीही मिस्सा केल्या तरी नाताळ सोडून एकाच मिस्साचं दान (मिस्सा सांगताना दिलेले पैसे) तो स्वतःकडे ठेवू शकतो. गरीब मिशनमध्ये कित्येकांचा रोजचा खर्च त्यावरच चालतो.

धागाकर्ता
आभार! मावशीला समजावतो. सायकलचे पैसे मिस्साच्या दानात मिसळायचे नाहीत ना? दोन्ही एकाच वेळी पाठवले तर पत्रात वेगळं लिहिलेलं चालेल?

प्रतिसाद २
चालेल. किती मिस्सा, कुणासाठी आणि सायकलीचे किती, एवढं स्पष्ट लिहा. मिस्साचं दान दुसरीकडे वळवता येत नाही.