प्रतिसाद: पडताळणी आणि दिरंगाई

एकाने विचारलंय की देवाची सूचना पडताळायला थांबणं हा आज्ञाभंग ठरतो का. नाही ठरत. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 16वा अध्याय सावकाश वाचा. प्रेषित पौल आणि त्याच्या सोबत्यांना पवित्र आत्म्याकडून आशिया प्रांतात देवाचं वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियाची वाट बंद झाली, मग त्रोवस शहरात रात्री पौलाला मासेदोनियाला बोलावणारा दृष्टान्त झाला. दृष्टान्त एकट्या पौलाला, पण देव तिकडे बोलावतोय हे अनुमान काढलं सगळ्यांनी मिळून. त्यानंतर लगेच जहाज, समथ्राके बेट, दुसऱ्या दिवशी नियापुली बंदर! तिथून फिलिप्पै शहरात नदीकाठी भेटल्या त्या थोड्या स्त्रिया, आणि पुढे तुरुंगही. म्हणून अडचण आली की 'चुकलोच' असं धरू नका.

सूचना तारखेसह वहीत लिहा, बायबलच्या वचनाशी ताडून पाहा, एकदोन अनुभवी विश्वासूंना सांगा. मुदत मात्र आधीच ठरवा, नाहीतर पडताळणीच्या नावाखाली टाळाटाळ सुरू होते. क्षमा मागणं, बुडवलेले पैसे परत करणं यांना तर पडताळणी लागतच नाही. तो फोन आजच करा.

उशिराचं आज्ञापालन बायबलच्या गणना या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात दिसतं: देवाने वचनदत्त देशात जा म्हटल्यावर इस्राएल लोक गेले नाहीत, जाऊ नका म्हटल्यावर निघाले आणि होर्मा या ठिकाणापर्यंत शत्रूचा मार खाल्ला.