हरिकेननंतर चर्चच्या स्वयंसेवकांसोबत: तुमचे अनुभव

हरिकेन म्हणजे अटलांटिकमधलं मोठं चक्रीवादळ. त्याच्या बातम्या आठवड्यात थांबतात, घरं उभी राहायला वर्षं लागतात. अमेरिकेत तेवढा काळ टिकून राहतात त्यांत चर्चचे गट पुष्कळ असतात. तुम्ही त्यांच्यासोबत राबला असाल, किंवा त्यांनी तुमचं घर सावरलं असेल, तर जरूर लिहा. सुरुवात मी करते.

ह्यूस्टन, २०१७. हार्वे हरिकेनच्या पावसात ॲडिक्स आणि बार्कर जलाशयांचं पाणी सोडावं लागलं आणि खालच्या वस्त्या बुडाल्या. तिथल्या एका घरात आमचं काम होतं ‘मड-आउट’चं: कार्पेट ओढून काढायचं, ड्रायवॉल (लाकडी सांगाड्यावर बसवलेल्या जिप्सम शीटची भिंत) जमिनीपासून चार फुटांपर्यंत कापायची, मागचं भिजलेलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक भरण, पिशव्यांत भरायचं. चार फूटच का, तर शीट तेवढीच रुंद असते. पुढे येणाऱ्याला ती अख्खी आडवी बसवता येते. गटप्रमुखांनी आधीच बजावलं होतं, “आजींसमोर याला कचरा म्हणायचं नाही.” आजींनी पाककृतींची वही ढिगातून तीनदा परत आणली. शेवटी मीच पानापानांत टिश्यू घालून ती उन्हात ठेवली.

•

मी मदत घेणाऱ्या बाजूचा. साध्या घरविम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, हे आम्हाला पाणी ओसरल्यावर कळलं. एक कंत्राटदार आगाऊ पैसे घेऊन गेला तो फिरकलाच नाही. मग चर्चच्या गटातले, पिवळे टी-शर्ट घातलेले सहा जण आले, बहुतेक निवृत्त. आम्ही हिंदू आहोत हे मी संकोचत सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग बूट बाहेर काढायचे का?” फरशी उखडलेल्या, चिखलानं भरलेल्या घरात! देव्हाऱ्याला हात लावण्याआधी त्यांनी मला हाक मारली. मी आजही त्यांच्यासाठी दिवा लावतो.

•

न्यू ऑर्लिन्स, २००७. कॅटरिना हरिकेनला दीड वर्ष झालं होतं, तरी लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत शोधपथकांनी रंगानं फवारलेल्या फुल्या दारांवर तशाच होत्या. मला ड्रायवॉलचे सांधे भरायला शिकवलं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका सुतारानं. एक गोष्ट मात्र खुपली. आठवड्यासाठी आलेल्या एका गटानं घाईत भरलेले सांधे आम्हाला घासून पुन्हा करावे लागले. नुसती तळमळ पुरत नाही, सोबत जाणता कारागीर हवाच.

•

हेलीन हरिकेननंतर, मार्च २०२५ च्या सुट्टीत मी पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात होतो, स्वॅननोआ नदीजवळ. रात्री चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या खाटा, दिवसा हातात ओलावा मोजायचं यंत्र. भिंतीच्या सांगाड्याच्या लाकडातला ओलावा १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय वर ड्रायवॉल लावून भिंत बंद करायची नाही, नाहीतर आत बुरशी धरते. सांगाड्याच्या प्रत्येक खांबावर आम्ही पेन्सिलीनं तारीख आणि आकडा लिहायचो: २२, १९, १७. घरमालक रोज सकाळी आमच्याआधी येऊन ते वाचत उभे असत. मी निघालो त्या दिवशी स्वयंपाकघरात शेवटचा आकडा पडला, १४. त्यांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला.