दावा, परिकल्पना, सिद्धांत, छद्मविज्ञान : कशाला काय म्हणावे?

प्रश्न
मुख्य प्रवाहाबाहेरच्या वैज्ञानिक कल्पनांवर चर्चा सुरू झाली की एक जण 'माझा नवा सिद्धांत' म्हणतो आणि दुसरा लगेच 'हे छद्मविज्ञान' म्हणून मोकळा होतो. हे शब्द नेमके कधी वापरावेत? आणि 'फ्रिंज सायन्स'ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर
'सिद्धांत' म्हणजे सिद्ध + अंत. तपासाअंती जे ठरले ते. काल सुचलेल्या कल्पनेला हा शब्द लावणे मराठीत तर अधिकच चुकीचे. त्या पायरीवर 'कल्पना' किंवा 'दावा' म्हणावे. दाव्यातून मोजून पाहता येईल असे भाकीत निघाले, की तो 'गृहीतक' होतो.

न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत : सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. यातला अभ्युपगम इथे फार कामाचा. न तपासलेली गोष्ट तात्पुरती मान्य करायची आणि तिच्यातून पुढे काय निष्पन्न होते ते पाहायचे. विक्षिप्त वाटणाऱ्या दाव्याशी वागण्याची हीच प्रामाणिक रीत आहे.

उदाहरणार्थ, 'सापेक्षता सिद्धांत चुकीचा आहे' असा दावा आला. ठीक, क्षणभर मान्य करू. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. सापेक्षतेचा हिशेब असा : वेगामुळे सुमारे ७ मागे, गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ पुढे. ही दुरुस्ती केली नाही, तर स्थाननिश्चितीतली चूक दिवसाला सुमारे १० किलोमीटरने वाढत जाईल. मग दावा करणाऱ्याला एवढेच विचारावे : तुमच्या सूत्रातून ३८ हा आकडा येतो का? येत नसेल तर चर्चा तिथेच थांबवता येते, कुणाच्या पदवीचा विषयही काढावा लागत नाही.

थोडा मतभेद
'गृहीतक' मला इथे अडचणीचे वाटते. भूमितीत गृहीतक म्हणजे सिद्धतेशिवाय स्वीकारलेले विधान. तोच शब्द तपासायच्या विधानाला लावला, की 'तुम्हीही गृहीत धरता, मीही धरतो' असा युक्तिवाद हमखास येतो. तपासायचे ते 'परिकल्पना', न तपासता धरलेले ते 'गृहीतक' असा भेद ठेवावा.

'फ्रिंज'साठी 'सीमावर्ती' नको. संशोधनाच्या आघाडीवरचे, अजून पूर्ण न कळलेले विषयही सीमेवरचेच असतात. 'प्रवाहाबाहेरचे' हा शब्द बरा, कारण तो फक्त जागा सांगतो, खरेखोटे ठरवत नाही.

'छद्म'विषयी
छद्म म्हणजे सोंग, कपट. त्यामुळे 'छद्मविज्ञान' हा शब्द पद्धतीवर आरोप करतो. निष्कर्ष चुकला एवढ्यावरून तो वापरू नये. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली भूखंड सरकतात असे मांडले. ते कशामुळे सरकतात याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण टिकले नाही, पण जुळणारे किनारे, खडक आणि जीवाश्म त्यांनी तपासणीसाठी समोर ठेवले होते. १९६० च्या दशकात समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा पुरावा आल्यावर मूळ कल्पना स्वीकारली गेली.

उलट बाजूचे उदाहरण फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ब्लाँदलो यांच्या 'एन-किरणां'चे, म्हणजे त्यांना सापडले असे वाटलेल्या नव्या प्रारणाचे. १९०३ साली त्यांनी ते जाहीर केले. १९०४ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अंधारात उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला, तरी निरीक्षकाला किरण 'दिसतच' राहिले. ही फसगत होती, सोंग नव्हते. इथे 'निरीक्षणदोष' म्हणावे. तपासणी टाळण्यासाठी दावा मुद्दाम सैल ठेवला जातो, तेव्हाच 'छद्म' शोभते.

चर्चा चालवणाऱ्यांसाठी भर
दाव्याला उत्तर देण्याआधी चार गोष्टी लिहून मागाव्यात : एका वाक्यात दावा, एककासह एक आकडा आणि त्यातली त्रुटी, आधी झालेले कोणते मापन यातून पुन्हा मिळते, आणि कोणता निकाल आला तर दावा मागे घ्याल. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचेच उत्तर सहसा येत नाही. सूत्र दिले असेल तर आधी दोन्ही बाजूंच्या मिती जुळवून पाहाव्यात. डावीकडे ऊर्जा आणि उजवीकडे बल निघाले, तर पुढची पाने वाचायची गरज नाही.

चर्चा बहुधा एकाच ठिकाणी बिघडते. एक मुद्दा खोडला की दावाच बदलतो. न्यायशास्त्रात याला 'प्रतिज्ञांतर' म्हणतात, आणि कारण बदलले तर 'हेत्वंतर'. ही दोन्ही निग्रहस्थाने, म्हणजे वादात हार मानली जाण्याची ठिकाणे आहेत. म्हणून मूळ दावा सर्वांत वर जसाच्या तसा ठेवावा, एका वेळी एकच मुद्दा घ्यावा आणि दावा बदलला तर 'प्रतिज्ञांतर' अशी नोंद करून नवी चर्चा उघडावी. दहा मुद्द्यांना एकदम उत्तर देऊ नये. त्यातले सर्वांत दुबळे उत्तर धरून पुढचा सगळा वाद चालतो.

काही विषय सरसकट बंद ठेवणेही योग्यच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली शाश्वत गतीच्या, म्हणजे बाहेरून ऊर्जा न घेता कायम चालणाऱ्या, यंत्रांचे प्रस्ताव तपासणे थांबवले. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम स्पष्टपणे मांडला जायला तेव्हा आणखी काही दशके होती.

वापराबद्दल एक सूचना
'छद्मवैज्ञानिक' शक्यतो टाळावे. मराठीत 'वैज्ञानिक' हे विशेषणही आहे आणि व्यक्तिवाचक नामही, त्यामुळे दाव्यावर केलेली टीका माणसाला लागते. 'हा दावा तपासण्याजोगा नाही' असे सरळ लिहावे आणि चारपैकी कोणता प्रश्न अनुत्तरित आहे ते त्यापुढे नोंदवावे.