मदत हवी आहे: बाळाची हिपॅटायटिस बी ची टेस्ट आत्ता करू की थांबू?

कृष्णाकाठची
बाळाचे साडेतीन महिन्यांचे डोस गेल्या आठवड्यात झाले. लॅबवाला म्हणतो, हिपॅटायटिस बी ची टेस्ट आत्ताच करून टाका, घरी येऊन रक्त नेतो. बाळाचे डॉक्टर म्हणतात, नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय नाही. का, तर "तेव्हाच करायची असते." बाहेर रांग, पुढे काय बोलणार. कोणी केली असेल तर नेमकं सांगा. "डॉक्टरांना विचारा" नको, विचारून झालंय.

चहाबाज
टेस्ट कशाला पण? आमच्या दोघांपैकी एकाचीही नाही केली. लस सरकारी घेतलीत की प्रायव्हेट? आम्ही सहा-इन-वन घेतली, ताप नाही की गाठ नाही. सरकारी पेंटाने (पाच-इन-वन लस) पोरं रात्रभर रडतात, मग तिचा परिणाम तरी काय होत असेल.

उपकेंद्रवाली
रडण्याचा आणि परिणामाचा काय संबंध? तो ताप बहुतेक डांग्या खोकल्याच्या घटकाचा. हिपॅटायटिस बी म्हणजेच कावीळ बी चा घटक दोन्हीत आहे आणि दोन्हीत काम करतो. उपकेंद्रात जन्म गेला माझा, लोक फुकटची लस म्हणून नाक मुरडतात.
कृष्णाकाठची, जन्माचा डोस झाला होता का? किती तासांत? कार्ड बघून सांग. निरोगी बाळाची ही टेस्ट कोणी उगाच सांगत नाही, तुला का सांगितली?

नाना_मिरजकर
कावीळ किती चढली आहे? सकाळचं कोवळं ऊन द्या. आमच्याकडे एक गृहस्थ नाकात थेंब सोडून कावीळ उतरवतात, पैसे घेत नाहीत. पत्ता हवा तर कळवा.

चहाबाज
नाना, बाळाला कावीळ झालेली नाही हो. लसीचं चाललंय.

नाना_मिरजकर
झाली तर म्हणून सांगितलं.

उपकेंद्रवाली
झाली तरी तान्ह्या बाळाच्या नाकात काहीही सोडायचं नाही. पत्ता तुमच्याकडेच ठेवा.

कृष्णाकाठची
कोणालाही कावीळ झालेली नाही!! जन्माचा डोस झालाय, शिवाय दुसऱ्या मांडीत एक महागाचं इंजेक्शनही दिलं होतं. प्रश्न फक्त टेस्ट कधी, एवढाच आहे.

उपकेंद्रवाली
महागाचं म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. म्हणजे तुझा स्वतःचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. अगं, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

कृष्णाकाठची
हो, आहे. म्हणून तर टेस्ट, नाहीतर कोण करतं? जन्म मध्यरात्रीचा, दोन्ही सुया पहाटे दिल्या. आता सांगाल का?

तर्कट
आई पॉझिटिव्ह असेल तर समजू शकतो. पण रक्तातून पसरणाऱ्या आजाराची लस सरसकट प्रत्येक बाळाला पहिल्याच दिवशी का? निगेटिव्ह आयांच्या बाळांना सावकाश दिली तर काय बिघडतं?

उपकेंद्रवाली
आई निगेटिव्ह आहे हे त्या रात्री ठरवणार कोण? बाळंतपण माहेरी, फाइल सासरी, हे मी किती वेळा पाहिलंय. आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला असेल तर? जन्मताना संसर्ग झाला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो कायमचा राहतो. पाच वर्षांच्या आत झाला तर साधारण ३०, मोठ्या माणसांत ५ हून कमी. वरून काही दिसत नाही, पुढे ऐन उमेदीत लिव्हर बोलतं. म्हणून २४ तासांची घाई. सरकारी कार्यक्रमात २४ तास उलटले की जन्माचा डोस देतच नाहीत, मग थेट दीड महिन्याचा पेंटा.

शिंचूकर
तैवानमध्ये नोकरीला आहे. इथे १९८४ पासून पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना लस आहे, दोन वर्षांनी सगळ्यांना सुरू केली. पुढे लहान मुलांतला लिव्हरचा कॅन्सर कमी झाल्याचं दिसलं. कॅन्सर टाळणारी पहिली लस म्हणतात हिला. (इथे इडलीचं पीठ कुठे मिळतं कोणाला माहीत आहे का? गंमत नाही, खरंच विचारतोय.)

सूक्ष्मदर्शी
मी मायक्रोबायॉलॉजीत आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर: डॉक्टर बरोबर आहेत.
ते महागाचं इंजेक्शन म्हणजे तयार अँटीबॉडी. त्या काही महिने बाळाच्या रक्तात फिरतात. आत्ता अँटीबॉडी मोजली तर आकडा छान येईल, पण तो लसीचा की इंजेक्शनचा हे कोणीही सांगू शकणार नाही. दुसरं, लस दिल्यावर दोन-तीन आठवडे तिच्यातलाच अँटिजेन (विषाणूच्या आवरणाचा अंश) रक्तात सापडू शकतो. म्हणजे गेल्या आठवड्यातल्या डोसानंतर आज रक्त दिलंत तर विनाकारण पॉझिटिव्ह येऊन घरात रडारड. तिसरं, कोअर अँटीबॉडी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची) आईकडून आलेली असते, दोन वर्षांपर्यंत राहू शकते, ती करूच नका.
९ ते १२ महिन्यांत दोनच टेस्ट: एचबीएसएजी (तोच अँटिजेन, म्हणजे संसर्ग आहे का) आणि अँटी-एचबीएस (त्याविरुद्धची अँटीबॉडी, म्हणजे संरक्षण आलं का). पहिली निगेटिव्ह आणि दुसरी १० किंवा जास्त, तर विषय संपला. १० च्या खाली आली तर पुन्हा डोस देऊन परत तपासतात, घाबरायचं नाही. जन्माचा डोस आणि ते इंजेक्शन वेळेत, पुढचे डोस पूर्ण, असं असेल तर १०० पैकी ९० हून जास्त बाळं संसर्गापासून वाचतात.
तुमचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, ती टेस्ट) गरोदरपणात केला होता का?

कृष्णाकाठची
केला होता, कमी होता, गोळ्या लागल्या नाहीत. एवढं सांगायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागली असती. लॅबवाल्याला नाही कळवते. अजून एक, अंगावर पाजलं तर चालतं ना? सासूबाई पावडरचं दूध द्या म्हणतात. माझं ताट-पेलाही वेगळं केलंय.

उपकेंद्रवाली
खुशाल पाज. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर तेवढ्यापुरतं विचारून घे. ताटा-पेल्यातून, जेवणातून हा आजार पसरत नाही, सासूबाईंना हे वाचून दाखव. वेगळा ठेवायचा तो रेझर, टूथब्रश, नेलकटर. नवऱ्याची तपासणी झाली का? निगेटिव्ह असेल तर त्याला तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. तुझी स्वतःची तपासणीही दर सहा महिन्यांनी चालू ठेव. जिल्हा रुग्णालयात २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासण्या आणि औषधं मोफत आहेत.

कृष्णाकाठची
नवऱ्याची नाही झाली. तो म्हणतो मला काही होत नाही.

चहाबाज
सगळे नवरे हेच म्हणतात. मीही.

दोन_पोरांची_आई
माझा मोठा सहा वर्षांचा आहे, त्याचा एक डोस राहिलाय. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का?

सूक्ष्मदर्शी
नाही, राहिलेला तेवढाच द्यायचा. आधीचे डोस वाया जात नाहीत. पण नवीन धागा काढा, आणि कार्डावरच्या तारखा आधीच टाका.