परकी खापरं म्हणजे परकी वस्ती?

पांढरीची माती: 'परकी खापरं सापडली की परके लोक तिथे राहत होते, खापर पुरे' असं एका पोस्टमध्ये ठोकून दिलंय. तुर्कस्तानातल्या कानेशचं मग काय करायचं? अश्शूरचे (आजच्या उत्तर इराकमधले) व्यापारी तिथे पिढ्यान् पिढ्या राहिले. २०,००० हून जास्त लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या, पण घरं आणि मडकी इथून तिथून स्थानिक. पाट्या नसत्या तर ही वस्ती कळलीच नसती!

भिंगवाली: दर चर्चेत कानेशच का? चुलीवरचं भांडं बघा. आजच्या इस्रायलमधल्या अश्कलोन, एक्रोनला इ.स.पू. १२व्या शतकात सपाट बुडाचा, एका कानाचा शिजवायचा लोटा येतो. तो विस्तवाच्या कडेला ठेवायचा, म्हणून काजळी एकाच अंगाला. तिथलं मूळचं कनानी भांडं रुंद तोंडाचं, गोल बुडाचं. आणि लोट्याची माती तिथलीच. म्हणजे भांडं नाही, घडवणारे हात आले.

पांढरीची माती: आकाराची नक्कल कुणीही करतं.

भिंगवाली: आकाराची, रंगाची होते. वळ्या रचायच्या की चाकावर ओढायचं, बूड थापीने कसं ठोकायचं, ही सवय लहानपणी हातात बसते. ती काठावर नाही, पोटाच्या तुकड्यांत दिसते.

तुकडेजोड: आणि तेच तुकडे फेकले जातात! उत्खननात काठ आणि नक्षी जपायची, पोटाचे मोजून खड्ड्यात पुरायचे. मग माती कुठली हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप कशाचा घेणार? काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिमीपर्यंत घासायचा. एकमेकांना आडव्या धरलेल्या दोन ध्रुवक गाळण्यांतून क्वार्ट्झ (गारेचा कण) करडा-पांढरा दिसला की थांबायचं. पिवळा असेल तर काप अजून जाड आहे. शिवाय जाडंभरडं खापरच उपयोगाचं. गाळलेल्या मातीत ओळखण्याजोगे कण उरत नाहीत.

पांढरीची माती: विषय कुठला, चाललाय कुठे!

तुकडेजोड: विषय हाच आहे. इजिप्तच्या लाल समुद्रावरच्या बेरेनिके या जुन्या बंदरात भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली, ती सगळ्यांना पाठ. माणसांचा माग लागतो तो भारतीय बनावटीच्या साध्या शिजवायच्या भांड्यांवरून. ती पुरली असती तर फक्त व्यापार उरला असता.

पांढरीची माती: मोसमी वाऱ्यासाठी अडकलेले खलाशीही शिजवून खातात. त्याला वस्ती म्हणू नका.

भिंगवाली: बरं, बेरेनिकेत मुक्काम म्हणा. पण तीच घडण स्थानिक मातीत थरामागून थर चालू राहिली, तर वस्तीच. अश्कलोनच्या बाळांच्या हाडांतल्या डीएनएत दक्षिण युरोपकडचा वारसा निघालाय, २०१९ साली.

पांढरीची माती: अश्कलोनपुरतं मान्य. तिथेही चुली, भोक नसलेली मागाची वजनं, डुकराची हाडं जोडीला होती. 'खापर पुरे' हे खोडा.

तुकडेजोड: खोडा. आणि पुरण्याआधी प्रत्येक तुकड्याची जाडी, वजन, काजळीची बाजू नोंदवा.